गाळलेलं रीळ

दुपारच्या वेळी आमच्या खोल्यांतून सगळ्या मुलखांची गाणी येतात. मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागला, तेव्हा आम्ही कवठे येमाई सोडून कारेगावात जागा घेतली. खाली आम्ही राहतो आणि वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या आहेत. रात्रपाळी करून आलेली पोरं झोपायच्या आधी मोबाइल लावून पडतात. कुणाचं भोजपुरी, कुणाचं उडिया. मला ते ऐकू येतं, पण लागत नाही. या वयात कान उघडे असले तरी आत कुणी बसलेलं नसतं.

त्या दुपारी मात्र वरून हलगीसारखं काहीतरी वाजलं. पाठोपाठ सनईसारखा, पण सनईपेक्षा जाड आवाज आला आणि एक माणूस दबक्या, घाबरट हसण्यानं हसला. मी अंगणात बाजेवर आडवा होतो. ते हसणं ऐकून उठलो. गुडघे नको म्हणत असताना जिना चढलो.

मुरुगन नावाचा पोरगा तिथं राहतो, मदुराईकडचा. उताणा पडून पोटावर मोबाइल ठेवून तो सिनेमा बघत होता.

"कौन सा पिक्चर है?" मी विचारलं.

"बहुत पुराना है, दादाजी. हमारा अप्पा का फेवरिट. आपको नहीं समझेगा."

"इसमें एक बकरीवाला है ना? कंबल ओढके घूमता है?"

तो उठून बसला. मी कवठ्याचा म्हातारा आणि हा सिनेमा त्याच्या बापाच्या वयाचा. त्यानं माझ्यासाठी उशी भिंतीला टेकवली आणि मोबाइल पाण्याच्या बाटलीला उभा केला. आम्ही दोघं बघत बसलो.

सिनेमा बघता बघता मला थकवा आला. सिनेमा त्या वेळीही असाच होता, पण तेव्हा आम्ही तरुण होतो. नायक ट्रक चालवतो. एका ठोशात दोन माणसं उडवतो आणि त्याचा स्वतःचा ओठसुद्धा फुटत नाही. खलनायक झोपाळ्यावर बसून हसतो आणि आपला सगळा बेत नायकाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे नायकाला डोकं चालवायला नको. नायिका पहिल्या अर्ध्या भागात सारखी चिडते, गाण्यात बर्फावर नाचते आणि मध्यंतरानंतर कुठं जाते ते कुणीच विचारत नाही. आई आंधळी असते आणि तिला शेवटी दिसायला लागतं. जाड्या बायकोवरचे विनोद तर आज ऐकवत नाहीत.

पण भाजीबाजारातली ती मारामारी! नायक हातात काही न घेता फणस, दुधी, नारळ यांच्या मदतीनं अख्खी टोळी झोपवतो. हलगी अशी वाजते की म्हाताऱ्याचाही पाय हलावा. आणि तो बकरीवाला, नायकाचा मित्र. अंगावर जाडंभरडं कांबळं, काखेत करडू. कुठं नुसतं भांडं पडलं तरी हा कांबळ्याखाली गडप. कांबळं थरथर कापतं आणि आतून करडू ओरडतं. मुरुगन त्या प्रत्येक वेळी हसला. मीही हसलो असेन.

मध्यंतरानंतर सिनेमा जड झाला. नायकाला एका मिठाच्या गोदामात बांधून टाकलं. मुरुगननं जांभई दिली आणि अंगठ्यानं पडद्यावर टक टक केलं. चित्र पुढं पळालं.

"सेकंड हाफ लॅग है, दादाजी. ये पार्ट में कुछ नहीं. फाइट भी नहीं, गाना भी नहीं."

"थांब," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. त्याचा अंगठा मी हातात धरला होता, हे मला नंतर कळलं.

*

दौंडमधल्या रविवारच्या सकाळी अजून माझ्या नाकात आहेत. रेल्वेत चिकटायच्या आशेनं मी तेव्हा तिथं खोली घेऊन राहत होतो. गावाकडून शिधा यायचा, नोकरीचा कागद काही यायचा नाही. स्टेशनच्या बाजूनं कोळशाच्या राखेचा वास येई, रॉकेलचा येई. शेडमधून इंजिनं फुसफुसत बाहेर पडत. वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके बसत आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. रेल्वेच्या चाळींत मद्रासकडची पुष्कळ कुटुंबं होती. त्यांच्या दारातून डोशाच्या तव्याचा चर्र आवाज आणि कॉफीचा वास येई. तो वास आमच्या चहाच्या गावात मोठ्या माणसाचा वाटायचा.

दर रविवारी सकाळी गावातल्या थेटरात त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतला सिनेमा लागे. बायका अबोलीचे गजरे माळून येत, पुरुष पांढऱ्याशुभ्र लुंग्या लावून. पोरांच्या कपाळाला विभूतीचे पट्टे. लाकडी खुर्च्यांत ढेकूण होते. पंखे नुसते आवाजाला होते. नायक पडद्यावर आला की चिरमुऱ्यांसारखे कागदाचे कपटे उडत.

आरोक्यम नावाचा एक फिटर माझा मित्र होता. त्याचा जन्म दौंडचाच, त्यामुळं त्याचं मराठी माझ्यासारखं आणि शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या. तो माझ्या शेजारी बसून कानात सिनेमा सांगायचा. पण कंजूष. पडद्यावर बाई ओक्साबोक्शी रडून पानभर बोले आणि हा सांगे, "ती नको म्हणती."

"एवढं बोलली ती!"

"त्याचा अर्थ नकोच होतो. गप बघ."

बकरीवाल्याचा सिनेमा आम्ही असाच पाहिला. गोदामाचा भाग आला आणि आरोक्यम गप्प झाला. बकरीवाला गोदामात एकटाच आला होता. नायक बांधलेला, भोवती पहारेकरी. बकरीवाल्यानं अंगावरचं कांबळं काढून नायकावर पांघरलं आणि तसाच उघड्या खांद्यांनी पहारेकऱ्यांत जाऊन बसला, बोलायला लागला. खूप वेळ बोलला. ते हसले. खलनायक आला, त्यानं याच्या थोबाडीत मारली. हा पडला, उठून बसला आणि पुन्हा बोलायला लागला. पुन्हा मारलं, पुन्हा बोलला. थेटरात कपटे उडत नव्हते. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मग सांगतो," आरोक्यम म्हणाला. त्याचा आवाज ओला होता.

बाहेर चहा घेताना त्यानं सांगितलं. "जोक सांगतोय तो. कांबळ्याखाली हिरोची रस्सी सुटेपर्यंत त्यांना हसवत ठेवतोय. मधून म्हणतो, मला भीती वाटते, माझे गुडघे बघा कसे हलतात, आणि त्याचाच जोक करतो. तो भितो, पण उठून जात नाही. एवढंच आहे त्या पिक्चरमध्ये. बाकी सगळं फालतू."

त्याच्याइतकं चांगलं परीक्षण मी पुढं कुठल्या पेपरातही वाचलं नाही.

*

आता नामाबद्दल.

नामा आमच्याच गावच्या धनगरवाडीचा. पावसाळा सरला की त्याचं घर मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरायचं. मेंढरं शेतात बसवायची, म्हणजे त्यांच्या लेंडीखतानं जमीन कसदार होते. त्या बदल्यात त्यांना धान्य जायचं. आमच्या घरी त्याला देणं-घेणं म्हणत नसत. मेंढरं आली म्हणत, पाहुणे आल्यासारखं. नामा माझ्याच वयाचा. शाळा सुटली की मी दप्तरासकट त्यांच्या वाड्यावर. वाघरीचं जाळं लावून केलेला मेंढरांचा तो वाडा. मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा, तीन दगडांची चूल, लोकरीचा आणि ओल्या लेंड्यांचा उबदार वास. नामाच्या आईच्या हातात कायम चाती फिरत असे. ती बोलताना, भांडताना, चालतानासुद्धा सूत काढायची. नामाची घोंगडी नवी असताना चिंचोक्याच्या खळीनं पत्र्यासारखी ताठ असे. जुनी होत गेली तशी ती मऊ आणि काळी होत गेली. त्या एका घोंगडीत आम्ही दोघं बसायचो आणि शेळीच्या सडातून थेट तोंडात धार घ्यायच्या पैजा लावायचो.

एका संध्याकाळी, मेंढरं आत घालायच्या वेळेला, लांडगा आला. आमच्या माळाला लांडगे नवे नव्हते, पण इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं घाई केली नाही. नुसता उभा राहिला, जसा कुणी दारात येऊन उभा राहतो. मोठी माणसं ओढ्याच्या पलीकडं होती. मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि खाली बसलो. आत काळोख होता, लोकर तोंडात जात होती आणि बाहेर नामाचं ओरडणं ऐकू येत होतं, हाऽऽड हाऽऽड. उघडाबंब पोरगा काठी घेऊन लांडग्याच्या अंगावर गेला होता. घोंगडी माझ्याकडं होती.

लांडगा गेला. नामा परत आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्यानं घोंगडीचं टोक उचललं, मला बघितलं आणि हसला. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

*

कवठ्याला येमाईची यात्रा भरली की माळावर सिनेमाचा तंबू लागायचा. जनरेटरचा धडधडाट, ताडपत्रीचा वास, शेव-रेवड्यांची पालं, नारळ, गुलाल आणि पायांखाली मळलेल्या गवताचा हिरवा वास. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मधे दोरी. जमिनीवर बसायचं, पोती ज्याची त्यानं आणायची. माझा आवाज खणखणीत म्हणून तंबूवाल्या आप्पांनी मला जीपवर भोंगा लावून गावोगाव ओरडायला ठेवलं होतं. नोकरी लागेपर्यंत, असं मी घरी सांगितलं होतं.

त्या वर्षी आप्पांचा मराठी सिनेमा आलाच नाही. का आला नाही, दौंडच्या थेटरवाल्याच्या कोण हातापाया पडलं, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की बकरीवाल्याच्या सिनेमावर दौंडकर मद्रासी इतके खूश होते की तो पुढच्या रविवारीही लागणार होता. मधले दिवस रिळांची पेटी नुसती पडून होती. ती आम्ही आणली.

"आरं, पर ही आंडुगुंडू भाषा कोन ऐकनार?" आप्पा म्हणाले. "मानसं तंबू फाडत्याल माजा."

"मी आहे ना, आप्पा. माइक द्या. मी मराठीत सांगतो."

"तुला येती व्हय?"

"गोष्ट येते."

आप्पांनी माझ्याकडं आणि पेटीकडं बघितलं. "बरं. पर एक काम कर. ह्यो लई लांबडा हाय. दोन खेळ बसायचं न्हाईत. एक रीळ गाळ. कुठलं बी."

मला विचार करायला वेळ लागला नाही. फणसांची मारामारी गाळता येत नव्हती. बर्फातलं गाणं गाळलं असतं तर पुरुषांची बाजू उठली असती. मी गोदामाचं रीळ काढून डब्यात ठेवलं. यात गाणं नाही, मारामारी नाही, असं आप्पांना सांगितलं. ते खरंच होतं. मुरुगनही तेच म्हणाला. पण खरं कारण वेगळं होतं. त्या रिळात एक माणूस नुसता बोलत होता आणि त्याचं बोलणं मला येत नव्हतं. दुसऱ्या कशाला मी काहीही शब्द चिकटवू शकत होतो. त्याला चिकटत नव्हते.

पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून मी माइक घेऊन बसलो. तंबू गच्च भरला. सिनेमा सुरू झाला आणि मी सुटलो. ट्रकवाल्या नायकाला शिरूरच्या अड्ड्यावरची भाषा दिली. खलनायकाला साखर कारखान्याचा चेअरमन केला. मंडळी खूश. मग बकरीवाला आला. कांबळं, करडू, घाबरट हसू. समोर पहिल्या रांगेत नामा बसला होता, घोंगडी पांघरून, आपल्या माणसांत. माझ्या तोंडून निघून गेलं:

"आन् मंडळी, हा बघा आपल्या वाडीचा नामा!"

तंबू फुटला. नामाही हसला. सगळ्यांत आधी तोच हसला. पडद्यावर भांडं पडलं, बकरीवाला खाली बसला आणि मी ओरडलो, "नामा, घोंगडी घे!"

मग प्रत्येक वेळी. प्रत्येक ठोशाला, प्रत्येक आवाजाला. दुसऱ्या खेळाला तर मला बोलावंच लागलं नाही. बायकांच्या बाजूनंसुद्धा आरोळी आली. मी माइक लोकांच्या दिशेनं धरला. इतकं हसू पुन्हा मला कुणी दिलं नाही. गोदामाची जागा आली तेव्हा मी एका वाक्यात पूल बांधला. "नायकानं दोऱ्या तोडल्या आन् नामा पळाला बांध ओलांडून!" लोकांनी टाळ्या पिटल्या. सिनेमा संपला, गाड्या जुंपल्या, दिवट्या दूर गेल्या. माळावर नुसती ताडपत्री फडफडत होती.

*

यात्रा उठते, पण तिथला शब्द उठत नाही.

एसटीतून नामा उतरला की कट्ट्यावरून कुणीतरी म्हणे, "घोंगडी घे." सोसायटीत खत आणायला गेला तरी तेच. पोरं म्हणत, मग त्या पोरांची पोरं म्हणू लागली. त्यांना सिनेमा माहीत नव्हता. पुढच्या थंडीत नामाच्या अंगावर घोंगडी नव्हती. बाजारातला एक तांबडा स्वेटर होता, कोपरात उसवलेला. त्याची आई चाती फिरवत राहिली. ते सूत कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

तोवर माझी नोकरीची आशा संपली होती आणि घरचं वजन कामाला आलं होतं. मी पंचायतीत निवडून गेलो. एका गावसभेत नामा उभा राहिला. वाडीच्या विहिरीवर डोणी बांधायची होती, जनावरांना पाणी प्यायला. त्यानं दोन वाक्यं नीट मांडली. तिसरं सुरू करताना मागून आवाज आला, "ए नामा, घोंगडी घे!" मंडप हसला. मी वर बाकावर बसलो होतो, सगळ्यांच्या समोर. नामानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हसलो, इतरांसारखा. तो खाली बसला.

डोणी पुढं झाली, वाडीला नाही, दुसरीकडं. नामाची मेंढरं गेली. कुरकुंभला कंपन्या आल्या तेव्हा तो तिकडं गेला, पाळीवर लागला, तिथंच राहिला. यात्रेला तो पुन्हा कधी आला नाही. देवी त्याची आणि माझी एकच आहे. दर यात्रेला नारळ फोडताना मी मागं वळून बघतो, सवयीनं.

*

मुरुगननं तो सिनेमा माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला. "हिंदी वाला भी है, दादाजी."

"नको. तुझ्या भाषेतलाच दे."

तो घेऊन नामाकडं निघालो. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलो, तिथून हमरस्त्यानं पुढं. उसाचे ट्रॅक्टर, हॉटेलं, पुन्हा ऊस. नीट वाटेनं गेलो नाही, आधी दौंडला उतरलो. थेटराच्या जागी मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं आहेत. रेल्वेच्या चाळींत पिंपळ उगवलेत भिंतीतून. कॉफीचा वास शोधत मी उगाच थोडा फिरलो. आरोक्यम कधीच वारला, एवढं कुणीतरी सांगितलं. मग कुरकुंभला गेलो. तिथं हवेत औषधाच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखा वास असतो. तिथल्या माणसांना तो येत नाही.

नामाच्या सुनेनं, सुरेखानं, दार उघडलं. "या मामा. आबा हायेत आतमंदी. आबा, कवठ्याचं पाव्हणं आलं बगा."

नामा खाटेवर बसून शेंगा सोलत होता. जाड काचांचा चष्मा, कानात कापूस. माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "आरं, तू हाईस व्हय अजून? मला वाटलं, कवाच ग्येला आसशील."

"तुला कळवल्याशिवाय कसा जाईन?"

"लई उपकार. बस. काय काढलंस?"

"पिक्चर आणलाय. तुला दाखवायला."

"ह्या वयात?" त्यानं स्वयंपाकघराकडं बघून आवाज खाली केला. "सून घरात हाय, येड्या."

सुरेखा आतून खुदकन हसली. मी मोबाइल त्याच्या शेंगांच्या सुपाला टेकवला. हलगी वाजली. नामाचे हात शेंगांवर थांबले. पडद्यावर बकरीवाला आला. मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"नामा," मी म्हणालो, "या पिक्चरचं एक रीळ तेव्हा..."

"गाळलं व्हतंस."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? मी बगितलं की." त्यानं एक शेंग फोडली. "यात्रेच्या म्होरल्या आइतवारी मेंढरं थोरल्यावर टाकली आन् ग्येलो दौंडला. म्हनलं, आपुन पिक्चरमंदी कसं दिसतो ते नीट तरी बगू. मद्राशांत जाऊन बसलो. एका म्हातारीनं काफी पाजली मला, कडू जहर. गोदामात ग्येला त्यो. कांबळं त्या बांधलेल्याला घातलं. मार खाल्ला. बसून ऱ्हायला."

"भाषा कळली?"

"मानूस मार खातोय आन् उठून जात न्हाई, ह्याला भाषा लागती व्हय?"

बाहेर कंपनीचा भोंगा झाला. गल्लीतून पाळी सुटलेल्यांच्या मोटारसायकली जाऊ लागल्या.

"मग गावात का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "पिक्चर असा नाही, पुढं असं आहे म्हणून?"

"मी?" तो हसला. तेच हसू, घोंगडीचं टोक उचललं तेव्हाचं. "मी सांगून कोन ऐकतंय? माइक तुज्याकडं व्हता. मला वाटायचं, आज सांगशील, उद्या सांगशील. त्या गावसभेत तर मी तुज्याकडंच बगत व्हतो. म्हनलं, आता उठतोय ह्यो."

"नाही उठलो."

"न्हाई उठलास."

"आणि लांडग्याचं... तेव्हासुद्धा घोंगडीत मीच..."

"त्ये ऱ्हाऊ दे," नामानं हात झटकला. "तवा मी बी चड्डीत मुतलो व्हतो. तुला अंधारात दिसलं न्हाई एवढंच."

मी हसायला गेलो आणि मला ते नीट जमलं नाही. त्यानं सुपातल्या ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या, लहानपणी टाकायचा तशाच, न विचारता.

"कुठं हाय त्ये गोदाम?" त्यानं विचारलं. "काढ. माजी बोटं चालत न्हाईत त्यावर."

मी सिनेमा पुढं सरकवला. गोदाम आलं. मिठाचे ढीग, एक दिवा, बांधलेला नायक.

"सुरेखा!" नामानं हाक मारली. "ये गं. ग्यास बंद कर आन् बस हितं. आमच्या गावचा पिक्चर हाय."

ती पदराला हात पुसत आली आणि खाली बसली. "कळायचं कसं आबा? ही कंची भाषा?"

"ह्यो सांगंल की," नामा माझ्याकडं न बघता म्हणाला. "त्येचं कामच हाय त्ये."

मोबाइलचा आवाज मी कमी केला. बकरीवाला दारातून आत आला, करडू खाली ठेवलं, कांबळ्याला हात घातला.

"ह्याचं नाव काय हो मामा?" सुरेखानं विचारलं.

मी नामाकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत होता, हातातली शेंग न फोडता.

"नामा," मी म्हणालो. "हा नामा. ह्याला फार भीती वाटते. गुडघे हलतायत बघ त्याचे. तो आता कांबळं काढून मित्राच्या अंगावर घालतोय. दार उघडं आहे. पळता येईल त्याला, पण तो..."

पुढं आवाज निघेना. पडद्यावर माणसं हसत होती, मग पहिली थोबाडीत बसली. सुरेखानं तोंडाला पदर लावला.

नामानं चष्मा सावरला.

"मोठ्यानं बोल की," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकाया येत न्हाई."